समुद्री स्पंज आणि जैवसामग्री : संशोधनाची वाट कशी धरावी

प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन एम.एस्सी. करणारा विद्यार्थी समुद्री स्पंजांकडे वळतो, तेव्हा बहुधा त्याच्या नजरेसमोर प्रवासाचे शेवटचे ठाणे असते. स्पंजाच्या रेणूवरून घडलेले कर्करोगावरील औषध, हाड भरून येण्यास मदत करणारी सिलिका (काचेचा मूळ घटक), प्रकाश वाहून नेणारे काचेचे तंतू अशा बातम्या त्याने वाचलेल्या असतात. या बातम्या खोट्या नाहीत. मात्र त्यांच्यामागे असलेल्या कामाचा क्रम त्यांतून कळत नाही. आधी प्राणी, मग त्याची पक्की ओळख, मग त्याच्या पेशी आणि जनुके, त्यानंतर त्याने घडवलेला पदार्थ आणि सर्वांत शेवटी त्या पदार्थाचा उपयोग, हा तो क्रम आहे. पदार्थापासून सुरुवात करून मागे प्राण्याकडे येऊ पाहणारे पुष्कळ प्रबंध अर्ध्यावर अडकतात, कारण कोणत्या प्राण्याच्या कोणत्या पेशीतून तो पदार्थ आला हे त्यांना नंतर सिद्ध करता येत नाही. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केलेले आहे.

एका कारकीर्दीचा नकाशा

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून जर्मनीतील माइन्झ विद्यापीठातील वेर्नर म्युलर यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे. १९७३ मध्ये म्युलर आणि रुडॉल्फ त्सान यांनी स्पंजाच्या विखुरलेल्या पेशींना पुन्हा एकत्र आणणारा, त्या त्या जातीपुरता काम करणारा घटक शुद्ध करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. विखुरलेल्या पेशी पुन्हा जुळतात हे निरीक्षण मात्र त्याहून जुने होते. अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला आणि सुट्या झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांपासून पुन्हा स्पंज तयार होतो, हे दाखवले होते. म्युलर यांनी त्या निरीक्षणाला रेणूंच्या पातळीवर प्रश्न विचारला. त्याच दशकात ते अ‍ॅरा-ए या न्यूक्लिओसाइडाचा (डीएनएच्या घटकांसारख्या रेणूचा) डीएनएच्या निर्मितीवर काय परिणाम होतो याचाही अभ्यास करत होते. या औषधाचे मूळही स्पंजांपर्यंत पोचते, कारण वेर्नर बर्गमान यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजातून १९५० च्या सुमारास वेगळी केलेली विलक्षण न्यूक्लिओसाइडे ही या सगळ्या औषधवर्गाची प्रेरणा होती. सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध त्याच वर्गातले असून अमेरिकेत त्याला १९६९ मध्ये मान्यता मिळाली.

पुढे १९९० च्या दशकात या गटाने स्पंजांतील चिकटण्याशी आणि संदेशवहनाशी संबंधित जनुके वाचली आणि सर्व प्राणी एकाच पूर्वजापासून आले या मताला रेणवीय आधार दिला. दशकाच्या अखेरीस सुबेरायटिस डोमंकुला या स्पंजाच्या सुट्या पेशींपासून प्रिममॉर्फ नावाचे गोलाकार पेशीसमूह वाढवण्याची पद्धत बसवली गेली. याच स्पंजात सिलिका घडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा शोध लागला, आणि त्यानंतर जैवसिलिकेचा, म्हणजे जिवाने घडवलेल्या सिलिकेचा, हाडांच्या पेशींवरील परिणाम हा विषय पुढे आला. म्हणजे हाडांसाठीच्या सामग्रीपर्यंत हे काम पोचले ते पेशी एकमेकींना कशा ओळखतात या अगदी निरुपयोगी वाटणाऱ्या प्रश्नापासून निघून, आणि तेही सुमारे तीन दशकांनी. या सर्व काळात प्राणी फारसे बदलले नाहीत. एड्रियाटिक समुद्रातील, क्रोएशियाच्या रोविन्य येथील किनाऱ्यावरचे तेच ते स्पंज त्यांनी पुन्हा पुन्हा वापरले, आणि तेथील संशोधन केंद्राशी असलेला संबंध टिकवून ठेवला. नव्या विद्यार्थ्याने या कारकीर्दीतून घ्यायचे ते हे सातत्य. म्युलर यांचे प्रत्येक अनुमान आज जसेच्या तसे स्वीकारले जाते असे मात्र नाही, आणि तसे स्वीकारण्याची गरजही नाही.

प्रश्नाची निवड

या क्षेत्रात ढोबळमानाने तीन प्रवाह आहेत. पहिला औषधी रेणूंचा. त्यात मुख्य अडचण पुरवठ्याची असते, आणि ती किती मोठी आहे हे हॅलिकॉन्ड्रिन बी या रेणूच्या कथेवरून समजते. जपानमध्ये हॅलिकॉन्ड्रिया ओकादाय या स्पंजातून हिराता आणि उएमुरा यांनी १९८६ मध्ये तो वेगळा केला. पुढे न्यूझीलंडजवळच्या एका वेगळ्या स्पंजाचा सुमारे एक टन माल वापरला तेव्हा त्यातून जेमतेम तीनशे मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन बी हाती आला. औषध शेवटी समुद्रातून आले नाही. योशितो किशी यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये या रेणूचे संपूर्ण संश्लेषण केले, त्यातून त्याचा सोपा केलेला अर्धा भाग निवडला गेला, आणि एरिब्युलिन या नावाने २०१० मध्ये अमेरिकेत स्तनांच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. या प्रवाहात शिरणाऱ्याला संश्लेषणाचे रसायनशास्त्र चांगले येणे अपरिहार्य आहे. केवळ अर्क काढून तो कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहण्याचे काम आता कोणी गंभीरपणे घेत नाही.

दुसरा प्रवाह सेंद्रिय कंकालाचा आहे. आंघोळीच्या स्पंजाचे तंतू स्पाँजिन या प्रथिनाचे असतात, तर अ‍ॅप्लिसायना आणि आयँथेला यांसारख्या स्पंजांत कायटिन या, कीटकांच्या कवचातही असणाऱ्या पदार्थाचा त्रिमितीय सांगाडा असतो, हे जर्मनीतील हेर्मान एर्लिश यांच्या गटाने २००७ पासून दाखवले. सौम्य अल्कली आणि आम्लाने पेशी व रंगद्रव्ये काढून टाकली, की नळ्यांचे तयार जाळे हाती येते. त्यात पेशी वाढवता येतात, धातूंचे क्षार बसवता येतात. या प्रवाहात रेणवीय जीवशास्त्राला वाव कमी आहे आणि पदार्थविज्ञानाला जास्त.

तिसरा प्रवाह सिलिकेचा, आणि रेणवीय जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तोच सर्वांत समृद्ध आहे. काच बनवण्यासाठी माणसाला भट्टी लागते. स्पंज मात्र समुद्राच्या थंड, जवळजवळ उदासीन पाण्यातून, ज्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल अत्यल्प असते त्यातून, काचेच्या सुया घडवतो. या सुयांना कंटिका म्हणतात. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे डॅनियल मोर्स यांच्या गटाने टेथिया ऑरँशिया हा स्पंज घेतला, ज्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाऊण भाग कंटिकांचाच असतो. सिलिका विरघळवून कंटिकेच्या मध्यातून धाग्यासारखा प्रथिनाचा अक्ष त्यांनी मोकळा केला, आणि १९९८ मध्ये त्या प्रथिनाची ओळख पटवून त्याला सिलिकेटिन हे नाव दिले. गंमत अशी की हे प्रथिन कॅथेप्सिन एल या, प्रथिने कापणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जवळचे नातेवाईक निघाले. कॅथेप्सिनाच्या क्रियास्थानी सिस्टीन हे अमिनो आम्ल असते, तेथे सिलिकेटिनात सेरीन आहे. पुढच्याच वर्षी या गटाने दाखवले की हे प्रथिनतंतू सामान्य तापमानाला आणि उदासीन पाण्यात सिलिका घडवून आणतात, तसेच सेरीन किंवा त्याच्या जोडीचे हिस्टिडीन बदलून टाकले तर ही क्षमता जाते. या पायावर पुढील सर्व काम उभे आहे, आणि त्यात अजूनही पुष्कळ फटी आहेत. काचस्पंजांत ग्लासिन नावाचे वेगळे प्रथिन २०१५ मध्ये सापडले. अक्षातील सिलिकेटिन प्रत्यक्षात स्फटिकाच्या रूपात रचलेले असते, हे त्यानंतर क्ष-किरणांच्या साहाय्याने दिसले. स्फटिकात बंद झालेले विकर विकर म्हणून किती काम करते, की ते मुख्यतः साचा म्हणून उपयोगी पडते, हा प्रश्न मोकळा आहे. पीएच.डी.साठी असा मोकळा प्रश्न हाडांच्या सामग्रीपेक्षा कितीतरी चांगला.

सुरुवात तळ्यापासून

समुद्रावर जाण्याआधी गोड्या पाण्यातील स्पंजावर हात बसवणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, आणि महाराष्ट्रात त्याला परंपराही आहे. मुंबईत वैद्यकीय सेवेत असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० च्या दशकात येथील तलावांतील स्पंजांचे सूक्ष्म निरीक्षण केले आणि १८४९ मध्ये त्यांच्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. स्पाँजिला अल्बा ही त्यांपैकीच एक. स्पंज प्राणी की वनस्पती हा वाद तेव्हा पुरता मिटलेला नव्हता. पुढे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९११ मध्ये भारतातील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. म्हणजे जातींच्या ओळखीचे मूळ साहित्य उपलब्ध आहे आणि त्यातील बरेच मुंबईतील नमुन्यांवर आधारलेले आहे.

पाणी ओसरू लागले की तलावाच्या काठचे दगड, बुडालेल्या फांद्या, घाटाच्या पायऱ्यांच्या खालच्या बाजू पाहाव्यात. वाळलेल्या, खरखरीत पापुद्र्यात मोहरीहूनही बारीक, पिवळसर तपकिरी दाणे दिसतात. ही जेम्यूले होत. त्यांत कोणत्याही पेशीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या मूळ पेशी भरलेल्या असतात आणि कोरड्या काळात प्राणी या रूपात तग धरतो. ती पापुद्र्यातून हलक्या हाताने सुटी करावीत, थंड पाण्यात अनेकदा धुवावीत, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सुमारे एक टक्का द्रावणात काही मिनिटे ठेवून पुन्हा धुवावीत, आणि थोड्या क्षारांच्या निर्जंतुक द्रावणात काचेच्या बशीत अंधारात ठेवावीत. उबदार तापमानाला काही दिवसांत त्यांतून पारदर्शक पटल बाहेर सरकते आणि मग पाणी बाहेर टाकणारी छोटी नळी उगवते. अंतराने ठेवलेली जेम्यूले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर कंटिका घडत असताना दिसतात, आणि त्यांचा अक्षही. गोड्या पाण्याच्या स्पंजांतही सिलिकेटिनाची जनुके असल्यामुळे, जनुक कधी व्यक्त होते, पाण्यातील सिलिका कमी केली तर काय होते, असे खरे प्रश्न महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच विचारता येतात. युरोप-अमेरिकेत एफिडेशिया म्युलेरी या स्पंजावर अशी कामे चालतात आणि त्याचा जीनोम २०२० मध्ये गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत वाचला गेला आहे, त्यामुळे तुलनेसाठी संदर्भही हाताशी आहे. समुद्री स्पंजांसाठी असा संदर्भ ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरचा अ‍ॅम्फिमेडॉन क्वीन्सलँडिका देतो; त्याचा जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

समुद्रावरील काम

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सर्वांत खोल ओहोटी लागते, आणि तेव्हाच खडकांच्या खालच्या बाजूचे, कपारींतले स्पंज उघडे पडतात. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून, ओहोटीच्या नीचांकाआधी तासभर पोचावे, कोणी तरी सोबत असावे, आणि पाणी फिरल्यावर लगेच मागे वळावे. स्थानिक मच्छीमारांना कोणत्या खडकाजवळ पाण्याला ओढ असते याची अचूक जाण असते, त्यांचे ऐकावे.

जागेवरच तीन गोष्टी करणे आवश्यक आहे, कारण नंतर त्या कधीच करता येत नाहीत. जिवंत प्राण्याचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे. रंग, पोत, पृष्ठभागावरील छिद्रांची रचना, वास आणि दाबल्यावरचा स्पर्श लिहून ठेवावा. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. स्पंजाचा रंग अल्कोहोलात काही तासांत जातो आणि मग उरतो तो सारखाच दिसणारा फिकट गोळा. त्यानंतर नमुन्याचे भाग करावेत : डीएनएसाठी पंचाण्णव टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये, आरएनएसाठी स्थिरक द्रावणात किंवा द्रवरूप नायट्रोजनात, आणि एक मोठा भाग कायमस्वरूपी संदर्भनमुना म्हणून. इथेनॉल एका दिवसाने बदलावे, कारण स्पंजातील पाण्यामुळे ते पातळ होते आणि डीएनए खराब होतो. फॉर्मॅलिन टाळावे, ते डीएनएचे नुकसान करतेच, शिवाय आम्लधर्मी झाले तर चुनखडीच्या कंटिका विरघळवते.

परवानगीचा भाग आधी पूर्ण करावा. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे आणि अशा क्षेत्रातून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असल्यामुळे पोवळ्यावर वाढलेला स्पंज खरवडतानाही कायद्याचा भंग होऊ शकतो. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार परदेशी व्यक्ती वा संस्थेला येथील जैविक साधनसंपत्ती मिळवण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. म्हणून परदेशातील सहकाऱ्याला कुपी पाठवण्यापूर्वी कागदपत्रे पूर्ण असली पाहिजेत. या अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे, तेव्हा जुन्या प्रबंधातील माहितीवर न विसंबता चालू मसुदा वाचावा. पीएच.डी.चे पहिले वर्ष यातच जाते अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते; त्यावर उपाय एकच, अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच महिन्यात करणे.

ओळख पटवणे

जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक मान्य जाती आहेत, आणि त्यांची ओळख अजूनही मुख्यतः कंटिकांवरून होते. नमुन्याचा वाटाण्याएवढा तुकडा, ज्यात पृष्ठभाग आणि आतला गाभा दोन्ही असतील असा, परीक्षानळीत घेऊन त्यावर घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटाचे द्रावण घालावे. मांसल भाग विरघळला की उरलेला साका निवळू द्यावा, वरचे पाणी काढून ऊर्ध्वपातित पाण्याने चार-पाच वेळा, मग इथेनॉलने धुवावा आणि थेंब काचपट्टीवर वाळवावा. घाई करून अपकेंद्रित्रात जोराने फिरवल्यास लांब कंटिका तुटतात. नायट्रिक आम्लाने साफसफाई अधिक चांगली होते, पण ते चुनखडीच्या कंटिका नष्ट करते आणि धूरकपाटाशिवाय वापरू नये. ब्लीच आणि आम्ल एकाच नळीत कधीही घालू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. प्रत्येक प्रकारच्या निदान पंचवीस कंटिकांची लांबी-जाडी मोजून लघुतम, सरासरी आणि महत्तम आकडे द्यावेत. याशिवाय जाड छेद घेऊन कंटिका शरीरात कशा रचलेल्या आहेत तेही पाहावे लागते, कारण सुट्या सुया पाहून केवळ अर्धी ओळख पटते.

डीएनएच्या आधारे ओळख पटवणे हा याला पर्याय नसून जोड आहे. प्राण्यांसाठी सर्रास वापरला जाणारा मायटोकाँड्रियातील सीओआय हा जनुकखंड स्पंजांत सावकाश बदलतो, त्यामुळे जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या करता येत नाहीत. २८एस रायबोसोमी जनुकाचा खंड सोबत वाचावा. मिळालेला क्रम संदर्भसंग्रहातील एखाद्या नोंदीशी जुळला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण स्पंजांच्या जुन्या नोंदींपैकी कित्येकांची मूळ ओळखच संशयास्पद आहे. शेवटी वर्गीकरणतज्ज्ञाकडे जावेच लागते. भारतात मन्नारच्या आखातातील आणि पाल्कच्या उपसागरातील स्पंजांवर पी. ए. थॉमस यांनी केलेले काम आजही प्रारंभबिंदू आहे. संदर्भनमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात, उदाहरणार्थ भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात किंवा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जमा करून त्याचा क्रमांक प्रत्येक लेखात द्यावा. सामग्रीविषयीच्या कितीतरी लेखांत हा क्रमांक नसतो, आणि मग त्या लेखातील स्पंज नेमका कोणता होता हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

हे जनुक कोणाचे?

स्पंज हा एकटा प्राणी नसतो. काही जातींत शरीराच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग सूक्ष्मजीवांनी व्यापलेला असतो. थिओनेला स्विन्होय या स्पंजातील अनेक क्रियाशील रेणू प्रत्यक्षात एन्टोथिओनेला नावाच्या, वेगळा वाढवता न येणाऱ्या जीवाणूत तयार होतात, हे योर्न पील यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. त्यामुळे स्पंजाच्या डीएनएतून कोणतेही जनुक हाती आले की पहिला प्रश्न हाच. त्यात इंट्रॉन (जनुकातील, प्रथिनात न उतरणारे तुकडे) आहेत का, शेजारची जनुके प्राण्यांची आहेत का, शेपटीला अ‍ॅडेनिनाची साखळी असलेल्या आरएनएतून तेच जनुक मिळते का, आणि छेदावर त्याचा संदेश नेमका कोणत्या पेशीत दिसतो, हे एकामागून एक तपासावे. सिलिकेटिनाच्या बाबतीत हा संदेश कंटिका घडवणाऱ्या स्क्लेरोसाइट पेशींत दिसला पाहिजे. इतरत्र दिसला तर आधी प्रयोगाची फेरतपासणी करावी. डीएनए काढताना स्पंजातील बहुशर्करा आणि फिनॉली द्रव्ये पुढच्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला) अडवतात, म्हणून वनस्पतींसाठी वापरली जाणारी सीटॅब पद्धत येथेही उपयोगी पडते, आणि काढलेला डीएनए दहापट, शंभरपट पातळ करून पाहणे हा साधा उपाय बहुधा काम करतो.

पेशी वाढवण्याच्या बाबतीत हीच सावधगिरी दुप्पट ठेवावी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमविरहित समुद्रपाण्यात पेशी सुट्या करायच्या, मग साध्या समुद्रपाण्यात परत आणायच्या आणि पेशींचे गोळे जमू द्यायचे, ही प्रिममॉर्फची पद्धत वाचायला सोपी आहे. त्यात अनेकदा थ्रॉस्टोकायट्रिड नावाचे समुद्री एकपेशीय जीव वाढतात आणि विद्यार्थी त्यांनाच स्पंजाच्या पेशी समजून महिनोन्महिने जपतो. दर काही आठवड्यांनी पेशींतील १८एस जनुक वाचून त्या स्पंजाच्याच आहेत याची खात्री करावी. स्पंजपेशींची वेगाने विभागणी करून घेणारे माध्यम फ्लोरिडातील हार्बर ब्रांच येथील गटाने २०१९ मध्ये जाहीर केले, त्यामुळे या आघाडीवर आता पूर्वीइतका अंधार नाही.

प्रथिनापासून पदार्थापर्यंत

सिलिकेटिन ई. कोलाय या जीवाणूत बनवणे सोपे, पण ते विरघळलेल्या अवस्थेत मिळवणे अवघड असते. ते गुठळ्या होऊन बसते आणि पुन्हा घडी घालताना पुन्हा गुठळ्याच होतात. विरघळण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाला जोडून ते बनवणे आणि शक्य असल्यास मूळ कंटिकांतून काढलेल्या अक्षाशी त्याची तुलना करणे योग्य ठरते. सिलिका तयार झाली हे दाखवण्यापेक्षा ती सिलिकेटिनामुळेच तयार झाली हे दाखवणे कठीण आहे. अंड्यातील लायसोझाइमसारखी धनभारित प्रथिनेसुद्धा योग्य परिस्थितीत सिलिकेचा साका पाडतात. म्हणून उष्णतेने बिघडवलेले सिलिकेटिन, क्रियास्थानचे सेरीन बदललेले सिलिकेटिन आणि लायसोझाइम अशी तीन नियंत्रणे प्रत्येक प्रयोगात ठेवावीत. प्रयोगशाळेत सिलिकेचा स्रोत म्हणून सर्रास वापरले जाणारे टेट्राइथॉक्सिसिलेन हे संयुग समुद्रात नसते, हे विसरून निष्कर्ष काढू नयेत. सिलिसिक आम्लावरही तोच प्रयोग करावा.

कंटिकांच्या भौतिक गुणांचा अभ्यास करायचा असेल तर अभियंत्यांशी मैत्री करावी. युप्लेक्टेला या काचस्पंजाचे तंतू प्रकाश वाहून नेतात, हे जोआना आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, आणि २००५ मध्ये त्याच्या जाळीदार सांगाड्याची नॅनोमीटरपासून सेंटीमीटरपर्यंतची थरांवर थर अशी रचना उलगडली. काच ठिसूळ असूनही हा सांगाडा सहज मोडत नाही याचे कारण त्या थरांमधील पातळ सेंद्रिय पटलात आहे. मोनोराफिस चुनी या खोल समुद्रातील स्पंजाची एकच कंटिका तीन मीटरपर्यंत वाढते. अशी कामे जीवशास्त्रज्ञ एकट्याने करू शकत नाही, आणि अभियंताही.

हाडांसाठीच्या सामग्रीचा दावा करताना पायऱ्या गाळू नयेत. जैवसिलिकेच्या सान्निध्यात हाडासारख्या पेशी अधिक खनिज जमा करतात, असे माइन्झच्या गटाने बशीत वाढवलेल्या पेशींवर दाखवले आहे. बशीतील पेशींनंतर प्राण्यांवरील चाचणी येते, त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते; त्यापुढे वैद्यकीय सामग्रीच्या आयएसओ १०९९३ या मानकमालेनुसार जैवसुसंगतीच्या चाचण्या असतात, आणि माणसांवरील उपयोग त्याच्याही पुढे. जीवाणूत बनवलेल्या प्रथिनात उरलेले एंडोटॉक्सिन (जीवाणूच्या आवरणातील विषारी द्रव्य) स्वतःच पेशींना उत्तेजित करते, म्हणून त्याचे मोजमाप केल्याशिवाय पेशींवरील कोणताही परिणाम प्रसिद्ध करू नये.

कुठे शिकावे, कोणाकडे जावे

गोवा विद्यापीठातील समुद्री जैवतंत्रज्ञान, कोची येथील विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील समुद्री जीवशास्त्र, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही चांगल्या विभागातील जीवरसायनशास्त्र यांपैकी कोठूनही सुरुवात करता येते. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची शिष्यवृत्ती परीक्षा आधीच उत्तीर्ण झालेली असावी, म्हणजे मार्गदर्शक निवडताना पैशांसाठी तडजोड करावी लागत नाही. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्राच्या बाजूसाठी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा बहुवारिके आणि पदार्थांच्या बाजूसाठी, तर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था वैद्यकीय सामग्रीसाठी स्वाभाविक जागा आहेत. दोन संस्थांमध्ये मिळून सह-मार्गदर्शन मिळवता आले तर उत्तम. मार्गदर्शकाला भेटण्याआधी त्यांच्या गटातून गेलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे आणि नमुने कोठे जमा केलेले आहेत हे मार्गदर्शकांना थेट विचारावे. उत्तर अस्पष्ट आले तर दुसरे दार ठोठवावे.

परदेशी प्रयोगशाळेला पत्र लिहिताना स्तुती कमी आणि प्रश्न नेमका असावा. जर्मनीसाठी डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्त्या, पीएच.डी.नंतर हुम्बोल्ट फाउंडेशनच्या अधिछात्रवृत्त्या, आणि युरोपातील मारी क्युरी योजनेखालील संशोधनजाळी पाहावीत. पत्रासोबत स्वतः तयार केलेल्या कंटिकापट्ट्यांची छायाचित्रे, उगवलेल्या जेम्यूलांची निरीक्षणे किंवा जमा केलेल्या नमुन्यांचे क्रमांक जोडले तर अर्जदाराला प्राणी हाताळता येतो हे गटप्रमुखाला लगेच समजते. उपकरणांच्या नावांची लांब यादी त्याच्या जवळपासही पोचत नाही.

एकस्व (पेटंट) घ्यायचे असल्यास त्यासाठीचा अर्ज शोधनिबंध छापण्यापूर्वी, इतकेच नव्हे तर परिषदेतील भित्तिपत्रक लावण्यापूर्वी दाखल व्हावा लागतो, कारण जाहीर झालेल्या शोधाची नवीनता जाते. आणि भारतीय जैविक साधनसंपत्तीवर आधारित एकस्वासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडील प्रक्रियाही पूर्ण करावी लागते. शोधनिबंध पाठवताना जनुकांचे क्रम सार्वजनिक संग्रहात, प्रथिनांच्या रचना रचनासंग्रहात आणि नमुने संग्रहालयात आधी जमा करावेत, आणि प्रत्येकाचा क्रमांक पद्धतींच्या विभागातच लिहावा.